बिघडलेली नानकटाई

इसम नामे सौ. अंबिकाबाई, भ्रतार अण्णा, निवृत्त शिक्षक, राहणार मौजे नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. वय अजमासे पंचेचाळीस. अंगलट ठेंगणी, वर्ण निमगोरा, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. शिक्षण : सहीपुरते. धंदा : काही नाही. सार्वजनिक कार्य : काही नाही. अपत्ये : एक मुलगी, दिल्या घरी पेणेस. मालमत्ता : यजमानांची. मते : यजमानांची. सदरहू इसमाचे घरात परदेशी साखरेचा कणही नसून, तसे यजमानांनी सन १९३० च्या रामनवमीस देवळाच्या पायरीवर, हातात नारळ घेऊन, शपथपूर्वक जाहीर केले आहे.

एवढी माहिती कुठल्याही दप्तराला पुरावी. धंद्यापुढे ‘काही नाही’ लिहिण्यात दप्तराचीही चूक म्हणता येत नाही. दप्तर आले की ओटीवर बसते, चहा घेते आणि जाते. माजघरापलीकडे काय चालते हे विचारण्याची त्याला सोय नसते, आणि विचारले असते तरी अण्णांना सांगता आले नसते.

माजघरापलीकडे, परसात, अंबिकाबाईंची भट्टी होती. घासलेटचा रिकामा डबा आडवा पाडलेला, आत पुळणीवरची चाळलेली वाळू, वाळूवर पितळी ताट. डब्याखाली करवंट्यांचा विस्तव आणि डब्याच्या पाठीवरही विस्तव. खाली आग, वर आग, मध्ये नानकटाई. काकडीचे गुळातले धोंडस कोकणात असेच भाजतात, तेव्हा यात नवल काही नव्हते. नवल असलेच तर ते विद्येच्या उगमात होते. अण्णा अलिबागेस मास्तर असताना शेजारच्या बिऱ्हाडातल्या पाववाल्याच्या बायकोने ती अंबिकाबाईंना कुंपणावरून शिकवली होती. पावाला न शिवणाऱ्या अण्णांनी ती नानकटाई वीस वर्षे चवीने खाल्ली. उगम त्यांनी विचारला नाही, बाईंनी सांगितला नाही. संसार असाच टिकतो.

तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने फेसायचे, लोण्यासारखे पांढरे होईतो. कुमुद लहान असताना परातीसमोर उकिडवी बसायची आणि पहिली नानकटाई हात भाजत खायची. अंबिकाबाईंच्या लेखी नानकटाईचे सगळे शास्त्र एवढेच होते : पांढरे फेसणे, आणि समोर ती पोर.

रामनवमीला अण्णा देवळातून अर्धा नारळ घेऊन आले.

“अगो, ऐकलंस का? आजपासून साखर बंद.”

“कुणाची?”

“देशाची.”

“म्हणजे आपली का?”

“आपण देशात नाही?”

बाजारात पांढरी साखर तेव्हा बहुतेक परदेशीच येई. अण्णांनी साखरेचा डबा स्वतः उचलला, वाडीत नेला आणि कडेच्या माडाच्या बुंध्याशी रिकामा केला. संध्याकाळपर्यंत तिथे मुंग्यांची जत्रा भरली. मुंग्यांनी कसलीही शपथ घेतलेली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गुळाचा चहा. गूळ घातला की दूध फाटे. अण्णा तो फाटका चहा घोटाघोटाने घेत आणि प्रत्येक घोटाला “सुरेख!” म्हणत. सुरेख म्हणताना त्यांचा चेहरा किराईताचा कडू काढा घेतल्यासारखा होई.

आठवड्याने जावई, विश्वंभर, कुमुदला खटाऱ्यातून घेऊन आले. कुमुदला पाचवा महिना होता, पण उतरताना तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. गेल्या साली एक चौथ्यातच गेले होते.

“पोटात काही टिकत नाही हिच्या,” विश्वंभर ओटीवर खाली बघत म्हणाले. “पेणेच्या वैद्यांनी हात टेकले. म्हणाले, माहेरी न्या, खाण्यावर वासना होईल ते द्या.”

“कशावर आहे वासना?” अंबिकाबाईंनी दाराआडून विचारले.

कुमुदनेच सांगितले. “आई, तुझी नानकटाई.”

अंबिकाबाईंनी अण्णांकडे पाहिले. अण्णा आढ्याकडे पाहू लागले. आढ्यावर पाहण्यासारखे काही नव्हते.

वाडीत कामाला येणारी सोनाबाई पाणी शेंदता शेंदता म्हणाली, “बाय, पोरीची आस पुरवा. आस ऱ्हायली तर पोराची लाळ गळते. आमच्या आळीत एक हाय, मिसरूड फुटलं तरी गळते.”

लाळेची अंबिकाबाईंना फिकीर नव्हती. मूल लाळ गाळण्याइतके मोठे व्हावे, एवढेच त्यांना हवे होते.

त्याच दुपारी त्यांनी गूळ किसला, तुपात फेसला आणि पीठ मळले. डबा पेटवला. कुमुद विहिरीकडे गेली होती. तिला घेरी येईल म्हणून अंबिकाबाईंनी मागून जाऊन तिला धरून आणले, पायरीवर बसवले, तोंडावर पाणी मारले, पदराने वारा घातला. तोवर डब्यातून धूर येऊ लागला होता. गूळ वितळला होता, नानकटाया पसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि ताटात एकच एक थापा झाला होता, खालून काळा, मधून डिंकासारखा.

अण्णांनी तुकडा तोंडात टाकला. “राष्ट्रीय च—” एवढे म्हणाले आणि दातखीळ बसली. संध्याकाळी देवळात त्यांचे व्याख्यान होते. ते नुसते उभे राहिले, हात जोडले आणि बसले. लोक म्हणाले, आजची सभा फार चांगली झाली.

तो थापा कुमुदच्या दृष्टीला पडू नये म्हणून अंबिकाबाईंनी गोठ्यात गायीच्या टोपलीत टाकला. गायीने हुंगला आणि मान फिरवली.

मग काकवी आणली. काकवीचे पीठ ताटावर ठेवले की चालू लागे. मग एका ठाकराकडून मध घेतला. मध पिठात पडण्याआधीच अण्णा आडवे आले.

“मध तापवला की त्याचं विष होतं. वैद्यकात आहे.”

“आणि पोर उपाशी राहिली की काय होतं ते आहे का वैद्यकात?”

ते अण्णांच्या वाचनात नव्हते. तरी विषाची परीक्षा लेकीवर कोण घेतो? मध शिंकाळ्यात टांगला गेला. कुमुद पेजेची निवळ पिई, आणि बहुधा तीही परत येई. दिवसेंदिवस तिचे डोळे मोठे आणि चेहरा लहान होत होता.

अंबिकाबाई गुळाच्या ढेपेसमोर बसल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. ढेप घामेजली होती. समुद्राकाठी चैत्रात मीठसुद्धा रडते, तिथे गूळ किती धीर धरणार? म्हणजे गोडीत खोट नव्हती, ओलीत होती. स्वयंपाक आटोपल्यावर चुलीला जोडलेला वैल कोमट राहतो; त्यावर किसलेला गूळ ताटलीत पसरून ठेवला. तिसऱ्या प्रहरी तो हाताला कोरडा, भुसभुशीत लागला. दुसऱ्या सकाळी भाजलेल्या तांदळाच्या पिठात घोळून कांडला, वस्त्रगाळ केला. करवंटीचा विस्तव कडक. साखर तो सोसते, गूळ लगेच करपतो. म्हणून या वेळी नारळाची काथ्याची सोडणे जाळून मऊ निखारा केला आणि वरचा विस्तव निम्मा ठेवला. डब्यासमोरून उठल्या नाहीत.

नानकटाई उतरली ती बदामी, वर तडकलेली, मोडली की ‘खट्’ म्हणणारी.

अण्णा म्हणाले, “अगदी साखरेसारखी!” मग सावरून म्हणाले, “साखरेपेक्षा स्वच्छ.”

कुमुदने एक घेतली. अर्धी खाल्ली.

“छान झालीय गो आई,” ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी हळूच पानाच्या कडेला ठेवली.

लेकीचे ‘छान’ आईला कळते. अंबिकाबाईंनी ती अर्धी उचलली, ओच्यात टाकली, ओटीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाहेर कोणी असताना त्या एरवी त्या दारात येत नसत. दोन माणसे अण्णांशी परदेशी कापडाबद्दल बोलत होती.

“मला साखर हवी.”

माणसे उठून गेली. कापडाचा प्रश्न राहिला.

“अगो, शपथ—”

“शपथ तुम्ही घेतलीत. नारळ तुमच्या हातात होता. माझ्या हातात ही पोर आहे.”

अण्णा उठले. टोपी घातली, खुंटीवरची छत्री घेतली आणि भर उन्हात बाहेर पडले. गेले असतील देवळात रुसून, असे म्हणून अंबिकाबाई आत वळल्या.

जेवणे उरकली, भांडी झाली, आणि पाहतात तो कुमुद अंथरुणावर नाही. विहिरीवर नाही. पायरीवर नाही. तेवढ्यात गोठ्यातून सोनाबाईची हाक आली.

“बाय! ओ बाय! धावा! तुमची लेक गायीचं खातेय!”

कुमुद गवताच्या भाऱ्यावर बसली होती. मांडीवर टोपली, हातात तो काळा थापा. दगडावर आपटून तुकडा पाडायचा, गाल फुगवून चघळायचा. गाय तिच्याकडे विस्मयाने बघत होती.

“आई, हे काय गो? हे मला का नाही दिलंस?”

“अगो टाक ते! जळकं, बिघडलेलं—”

“धोंडसाच्या खरवडीसारखं लागतं,” कुमुद भरल्या तोंडाने म्हणाली. “मला किती दिवस हाच वास येत होता. मी म्हटलं, घरात आहे कुठेतरी, आणि मला देत नाहीत.”

अंबिकाबाई तिथेच शेणकुटाच्या ढिगाशी टेकल्या. आता परत येईल, मग येईल, म्हणून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कुमुदने आणखी एक तुकडा पाडला. सोनाबाई विहिरीवर जाऊन दोन घागरी भरून आली. गाय बसली, रवंथ करू लागली. काही परत आले नाही.

“हिची आस जळकीच होती म्हणायची,” सोनाबाई म्हणाली. “माझ्या थोरल्या जावेनं पोटुशी असताना अर्धी चूल खाल्लेली.”

दिवेलागणीला अण्णा आले. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, टोपी घामाने काळी. सरळ चुलीपाशी गेले, मिटलेली छत्री उलटी केली आणि आतून कागदाचा पुडा काढून वैलाशेजारी ठेवला.

“अलिबागेस गेला होतात? चालत?”

“गावात ओळखतात मला.”

“आणि अलिबागेस नाही ओळखत?”

“तिथे बाजारात सगळे माझ्या हाताखालून गेलेले. मी दिसलो की अजून खाली बघतात.”

अंबिकाबाईंनी पुड्याकडे पाहिले, मग त्या धुळकट पायांकडे. गोठ्यातली हकिकत सांगितली. अण्णांचा चेहरा आधी उजळला आणि मग जरा पडला.

“म्हणजे मी एवढा चालून—”

“बसा. पायांना ऊन पाणी देते.”

जळका थापा दोन दिवसांत संपला, आणि मग खरी अडचण आली. नानकटाई बिघडवायची होती, आणि अंबिकाबाईंना आता ती बिघडवता येईना. हात शहाणा झाला होता. ओला गूळ घेतला तर हात आपोआप तांदळाचे पीठ भुरभुरवी. करपायच्या आत निखारा आपोआप बाजूला होई. कुमुद तुकडा तोंडात घाली आणि मान हलवी.

“नाही गो. ही सुधारलेली आहे.”

शेवटी त्यांना आठवले. त्या दुपारी आपण डब्यासमोर नव्हतोच. पायरीवर होतो, कुमुदला पदराने वारा घालत. तेव्हा त्यांनी ओला गूळ मळला, करवंट्यांचा कडक विस्तव केला, आणि डब्याकडे पाठ करून लेकीजवळ जाऊन बसल्या. तिची वेणी घातली. पेणेच्या सासूच्या गोष्टी ऐकल्या. जळका वास आला तेव्हाही लगेच उठल्या नाहीत. गोष्ट पुरी होऊ दिली.

तीच कृती कायम झाली. दर चार दिवसांनी अंबिकाबाई लेकीजवळ निवांत बसत आणि परसात नानकटाई बिघडत असे. थाप्यामागून पेज टिकू लागली, पेजेमागून भात. बांगड्या कोपरावरून मनगटाशी आल्या.

श्रावणात कुमुदला मुलगी झाली. लाळ वर्षभर गळत होती. दात सगळ्यांनाच येतात. पुढे काही वर्षांनी देशी कारखान्यांची पांढरी साखर बाजारात आली, आणि अण्णांनी साखर पुन्हा खुली झाल्याचे ओटीवरून जाहीर केले. अंबिकाबाईंनी ते ऐकून घेतले. नात सुट्टीत यायची तेव्हा त्या तिच्यापुरता एक थापा गुळाचाच करत आणि डब्याकडे पाठ करून बसत.

छत्रीतला पुडा कोणी परत केला नाही, आणि माडाच्या बुंध्याशीही ओतला नाही. त्या संध्याकाळपासून अण्णांचा चहा फाटायचा थांबला. “सुरेख,” ते म्हणत, आणि चेहराही तसाच होई. पुडा गणपतीपर्यंत पुरला.

साखर जावा बेटाची होती.