मागे सरकलेला झीलकरी

दुपारची पेंग येते. भानुदासचे डोळे मिटतात, तरी पडद्यावरच्या दोन रेघा त्याला आत दिसतच राहतात.

टेकडीवरच्या बिनतारी केंद्रात तो एकटा आहे. उंच रेघ म्हणजे धरणावरून थेट आलेला संदेश. तिच्यामागची बुटकी म्हणजे पलीकडच्या डोंगरावर आपटून उशिरा पोचलेला त्याचाच पडसाद. नागनाथबुवा त्या बुटकीला झीलकरी म्हणायचे. नोकरीत बुवा भानुदासचे वरिष्ठ. कीर्तनात भानुदास त्यांच्यामागे उभा राहून झील धरायचा, त्यांची ओळ मागून ओढायचा. बुवा जाऊन वर्ष झालं. आठ दिवस झाले, बुटकी रेघ एकाएकी वाढलीय, मागे सरकलीय, आणि शब्द तुटतायत. आज संध्याकाळी धरणाचे दरवाजे उघडणार. नदीकाठच्या वाड्यांना इशारा जातो तो इथूनच.

"भान्या, झोपलास होय रे?"

शेजारच्या खुर्चीत बुवा. फेटा, उपरणं, हातात चिपळ्या.

"बुवा, सगळं तपासलं. वायरीसुद्धा बदलल्या. बिघाड सापडतच नाही."

"झील चुकली की मी काय करायचो?"

"माझ्यावर डोळे वटारायचात."

बुवा खो खो हसतात. "त्याच्या आधी रे! वळून बघायचो, गडी उभा कुठाय ते."

ते वळतात. खोलीला मागची भिंतच नाही. दरीपलीकडच्या देवळाचा, बुवांच्या कीर्तनाचा सभामंडप आहे. सतरंज्या अंथरलेल्या, माणूस एक नाही. बुवा चिपळ्या वाजवतात. आवाज वर जातो आणि खणखणत परत येतो.

"पूर्वी असा यायचा नाही," भानुदास म्हणतो.

"तुला काय ठाऊक? वर्षभर फिरकलास तरी का इकडं?"

"तुम्ही नाही, तर कुणाच्या मागे उभा राहू?"

बुवा बोटावर बुक्का घेऊन त्याच्या कपाळी लावतात. बोट गार आहे.

"वर बघ, वेड्या."

भानुदास वर बघतो आणि जागा होतो. खिडकीतून उन्हाची तिरीप डोळ्यांत घुसतेय. दरीपलीकडे देवळावर कौलं नाहीत. नवाकोरा पत्रा लखलखतोय; संदेश आपटतोय तो त्याच्यावर.

तो धावत गच्चीवर जातो, अँटेनाचं तोंड पत्र्यापासून जरासं फिरवतो, धापा टाकत खाली येतो.

"धरणावरून बोलतोय. ऐकू येतंय का?" आवाज स्वच्छ.

"शब्द न् शब्द येतोय, दादा. बोला."

वाड्यांना इशारा जातो. पडद्यावर आता एकच रेघ उरलीय. काचेत, तिच्या मागे, भानुदासचा चेहरा; कपाळावर बुक्क्याचं काळं बोट.