साडेचार तास मागे

शनिवार, सकाळचे सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं. शहागंजातल्या सहा फुटी दुकानात नूरमोहम्मद एका मनगटी घड्याळाची चावी ओढून रेडिओ ऐकत बसले होते. आठच्या बातम्यांआधी ठोके पडले. शेवटच्या ठोक्याला त्यांनी चावी दाबली. एकेचाळीस वर्षांत त्यांच्या दुकानातून चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ बाहेर गेलेलं नाही. गिऱ्हाईक नुसती काच किंवा पट्टा बदलायला आलं, तरी ते वेळ मिळवूनच देतात. सांगावं लागत नाही.

जानेवारीत याच सवयीनं घात केला.

सिडकोतल्या आशाबाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या. जळमटं काढताना काठी लागून काच तडकली होती. काच तेवढी बसवा म्हणाल्या आणि भाजी घ्यायला गेल्या. घड्याळ चालू होतं, पण साडेचार तास मागे. पाठीमागं काटे फिरवायची चकती नव्हती, म्हणून नूरभाईंनी सेल काढून परत घातला. काटे आपोआप गरगर फिरले आणि बारावर थांबले. तासभर हलले नाहीत. मशीन गेलं असं समजून त्यांनी ते काढलं, साधं क्वार्ट्झचं बसवलं, वेळ मिळवली. जुनं मशीन भंगारवाल्याच्या पोत्यात गेलं.

भाजी घेऊन परतलेल्या आशाबाईंनी घड्याळाकडं बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडं.

"आपले किती वाजले ते मला ठाऊक होतं, नूरभाई. रामकिसनचे किती वाजले ते यात दिसायचं."

रामकिसन त्यांचा मुलगा. वाळूजच्या एका कारखान्यातून जर्मनीला गेलेला. दिवाळीला हे घड्याळ घेऊन आला, लग्नाच्या बोलण्यावरून आईशी भांडला आणि ते भिंतीवर तसंच सोडून परत गेला. तेव्हापासून फोन नाही. आशाबाई घड्याळ बघून अंदाज बांधायच्या: आता उठला असेल, आता डबा खात असेल.

नूरभाईंनी तिथल्या तिथं काटे साडेचार तास मागे फिरवून दिले.

"ही तुमच्या रेडिओची वेळ," आशाबाई म्हणाल्या. "आधीची तिकडून आलेली होती."

त्या रागावल्या नव्हत्या.

उलगडा शेजारच्या बद्रीनाथांनी केला. ते पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झालेले. आता रेडिओ दुरुस्त करतात. त्या मशीनमध्ये तांब्याची तार गुंडाळलेली एक बारीक कांडी असते, ती अँटेना. फ्रँकफर्टजवळच्या एका केंद्रातून अणुघड्याळाची वेळ दर सेकंदाला एक खूण अशी सोडली जाते. मिनिटभराच्या खुणा जुळवल्या की तास, मिनिट, तारीख कळते. घड्याळ बहुधा रात्री त्या खुणा ऐकतं आणि काटे दुरुस्त करतं. एरवी ते क्वार्ट्झवरच चालतं. या लहरींचा पल्ला साधारण दोन हजार किलोमीटर. इथं त्यातलं काही पोचत नाही. दिवाळीत तिकडं घेतलेली वेळ घड्याळ नुसती पुढं चालवत होतं. सेल निघाला तशी ती गेली.

"पेशंट ठणठणीत होता," बद्रीनाथ म्हणाले, "तू ऑपरेशन केलंस."

"व्हय. आन आतडं भंगारात दिलं."

नूरभाई दोनदा भंगारवाल्याकडं जाऊन पोती उपसून आले. मशीन सापडलं असतं तरी इथं ते बारावरच थांबलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

गेल्या आठवड्यात ते आशाबाईंकडं गेले. घड्याळ जागेवर होतं. आशाबाईंनी विचारलं, उन्हाळ्यात तिकडं वेळ एक तास पुढं करतात, घड्याळ ते आपोआप करतं असं रामकिसन म्हणला होता. तुमच्या मशीनला कळतं का?

"नाय, ताई. पहिल्यालाबी इथं कळलं नसतं."

आशाबाईंनी बोटांवर तास मोजले.

"मंग मी त्याला उन्हाळाभर तासभर उशिरा उठवला असता."

नूरभाईंनी वेळ बदलायची तारीख विचारून घेतली. उद्या पहिल्या शहर बसनं ते सिडकोला जातील आणि काटा हातानं पुढं करतील. उद्या मार्चमधला शेवटचा रविवार. आपल्याकडं सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा जर्मनीतली घड्याळं दोनवरून थेट तीनवर जातात.