दोन टोकांची सुई

फणसेबाईंनी माझी मुलाखत घेतली तेव्हा मला एकही प्रश्न विचारला नाही. टेबलावर काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवला, "बसा" म्हणाल्या आणि त्या ग्लासाकडे बघत राहिल्या. मला वाटलं चहा माझ्यासाठी आहे, पण हात पुढे करायचा धीर होईना. पाचेक मिनिटांनी म्हणाल्या, "उद्यापासून या." माझ्याआधी आत गेलेला उमेदवार डिप्लोमाला पहिल्या वर्गात आलेला होता. मी आयटीआयचा फिटर. पुढे कळलं, की त्याला बसल्याबसल्या पाय हलवायची सवय होती आणि ग्लासातला चहा टेबलावर आला होता. "पाय हलवणाऱ्या माणसाला अणू दिसत नाहीत," बाई म्हणायच्या. मी भीतीने दगडासारखा बसलो होतो, ती त्यांनी माझी पात्रता मानली. चहा शेवटी त्यांनीच प्यायला.

डॉ. कुमुद फणसे बडोद्याला विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि सयाजीगंजातल्या इमारतीच्या तळघरात अणू बघायच्या. हे बघणं डोळ्यांनी नव्हतं. टंगस्टनच्या तारेची एक सुई करायची, तिच्या टोकावर एकच अणू उरेल इतकी ती बारीक करायची, आणि ती सोन्याच्या पातळ पत्र्यावरून न टेकवता फिरवायची. मधल्या पोकळीतून विजेचे कण पलीकडे जातात. ते उडी मारत नाहीत, भिंतही फोडत नाहीत, तरी जातात. त्यावरून खाली कुठे उंच आहे, कुठे खोल आहे ते कळतं आणि पडद्यावर चित्र उमटतं. कण कसे जातात हे बाई सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगायच्या. "शेजारणीने पोह्यांना फोडणी दिली, की भिंत असूनही आपल्याला कळतं ना? तसं. फक्त इथे शेजारीणच थोडी आपल्या घरात असते." पहिलं वाक्य सगळ्यांना कळायचं. दुसरं मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

सुया करणं माझं काम. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तार बुडवायची, वीज लावायची; पाण्याच्या रेषेशी ती झिजत जाते, तुटते, आणि टोक येतं. वीस केल्या तर दोन चांगल्या निघायच्या. टेबल मी स्कूटरच्या जुन्या ट्यूबांवर टांगलं होतं, कारण जवळच स्टेशन, गाड्यांचे हादरे. भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक लावलेलं असे. मालगाडीला वेळापत्रक नसतं, म्हणून बाईंचा मालगाडीवर कायमचा राग. नवरात्रात नऊ दिवस यंत्र बंद. गरब्याचा ठेका जमिनीतून थेट तळघरात यायचा आणि चित्रातले सगळे अणू लाटांवर बसल्यासारखे दिसायचे. त्या नऊ दिवसांत बाई स्वतः गरबा खेळायला जायच्या. त्यांची टाळी नेहमी एका मात्रेने उशिरा पडायची.

त्यांच्या तोंडी दोन शब्द ठरलेले होते: "पुन्हा बघू." चांगला निकाल आला तरी तेच, वाईट आला तरी तेच. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "छान. पुन्हा बघू." मग खरंच पुन्हा वाचली आणि मुहूर्ताच्या वेळेत छापखान्याने केलेली चूक काढून दिली.

अशा बाईंनी एक गोष्ट पुन्हा बघितली नाही. एका वर्षी सोन्यावर ठेवलेले दुसऱ्या एका धातूचे अणू चित्रात जोडीजोडीने बसलेले दिसले. तसे ते बसायला नको होते. बाईंनी सोनं तपासलं, वायरिंग तपासलं, हवा तपासली. सुईपाशी आल्या आणि म्हणाल्या, "ही मोऱ्यांची सुई आहे," आणि पुढे गेल्या. मोरे म्हणजे मी; या वाक्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

शोध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला. वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला, शाल-श्रीफळ झालं, मोठ्या संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. चौदा ठिकाणी व्याख्यानं झाली: शाळा, मंडळं, एक ज्येष्ठ नागरिक संघ. प्रोजेक्टर मी न्यायचो. एका मंडळाच्या अध्यक्षांनी आभार मानताना सांगितलं, की विवाहसंस्था अणूपासूनच सुरू होते हे आता सिद्ध झालं आहे. बाई उठून म्हणाल्या, "असं मी म्हटलेलं नाही," आणि बसल्या. आणि बाईंनी माझ्यासाठी विद्यापीठाला पत्र दिलं, की या शोधाच्या सुया मोरे यांनी केल्या आहेत, त्यांना कायम करावं. अकरा वर्षं मी हंगामी होतो. घरी दोन मुली. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद येईपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा. ते पत्र फाइलला लागलं आणि मी पहिल्यांदा नीट झोपलो.

त्या संक्रांतीला बाईंनी फतेगंजातल्या आपल्या घरी हळदीकुंकू केलं. बाई अविवाहित, पण हळदीकुंकू दर वर्षी करायच्या आणि बोलावणं सगळ्यांना असे: सवाष्णी, विधवा, रसायनशास्त्राच्या मॅडम, खालच्या मजल्यावरच्या पटेलबेन. वाण म्हणून प्लॅस्टिकचं छोटं भिंग. तीळगुळाआधी व्याख्यान, हा नियम. पुरुष मी एकटाच, प्रोजेक्टरपुरता. गॅलरीत उत्तरायणाचा एक फाटका पतंग अडकून होता.

माझी बायको शैला छाणीला, आमच्या घरीच, ब्लाउज आणि ड्रेस शिवते. ती पहिल्यांदाच आली होती. भिंतीवर ते जोडीचं चित्र लागलं, बायका "अरे वाह" म्हणाल्या, आणि शैलाने हात वर केला.

"बाई, एक विचारू? हे डबल सुईचं काम आहे का?"

"म्हणजे?"

"आमच्या मशीनला डबल सुई लावतो ना, तसं. दोन टाके बराबर एकाच अंतरावर पडतात. कापड कसंही फिरवा, टाके त्याच अंतरावर, त्याच बाजूला. यातल्या सगळ्या जोड्या तशाच आहेत. एक तरी तिरकी बसली असती की."

बाई भिंतीजवळ गेल्या. वाणाचं एक भिंग उचलून त्यांनी बराच वेळ चित्र बघितलं. मग वळून म्हणाल्या, "आजचं व्याख्यान इथेच थांबवते. मी सांगितलं ते बहुतेक खोटं आहे. तीळगूळ घ्या."

पटेलबेननी विचारलं, "तो पछी भिंग पाछुं आपवानुं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "भिंग ठेवा."

परतताना स्कूटरवर मी शैलाला म्हणालो, "तुला आजच बोलायचं होतं?"

"मला काय ठाऊक चूक तुमच्या सुईची निघेल?" ती म्हणाली. छाणी येईपर्यंत मी मनात हिशेब करत होतो. सुईला एकाऐवजी दोन टोकं असली, तर प्रत्येक अणू दोनदा दिसणार. एवढं भौतिकशास्त्र मलाही येत होतं. आणि फाइलमधल्या पत्रात सुया कोणाच्या, ते लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर त्यांचा चहा होता, भरलेला. "मोरे, ती सुई आहे का?"

मी प्रत्येक सुई नंबर लावून डबीत ठेवतो. ती डबी माझ्या खिशात होती. सुईशिवाय काहीच सिद्ध होणार नव्हतं. केसापेक्षा बारीक वस्तू, हरवायला काही लागत नाही.

"बहुतेक फेकली, बाई," मी म्हणालो.

बाई ग्लासाकडे बघत होत्या. मीही बघितलं. चहावर बारीक वर्तुळं उठत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा पाय हलत होता.

"पुन्हा बघा, मोरे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच.

मी बाहेर गेलो, जिन्यात उभा राहिलो. एक मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत थांबलो, मग आत जाऊन डबी टेबलावर ठेवली. बाई म्हणाल्या, "सापडली. छान."

ती सुई आम्ही यंत्राला लावली, खालचा सोन्याचा तुकडा फिरवून बसवला आणि चित्र काढलं. तुकडा फिरला होता, जोड्या फिरल्या नाहीत. नवी सुई लावली, अणू एकेकटे बसलेले दिसले. बाईंनी त्याच दुपारी नियतकालिकाला लेख मागे घेत असल्याचं कळवलं. त्यात लिहिलं, की सुई तपासण्याची जबाबदारी त्यांची स्वतःची होती आणि त्यांनी ती तपासली नाही. माझं नाव कुठेही नव्हतं. शेवटी आभार: श्रीमती शैला मोरे, शिवणकाम, छाणी. ते वाचून शैला म्हणाली, "बुटिक लिहायला हवं होतं."

मग बाई चौदाच्या चौदा ठिकाणी परत गेल्या. प्रोजेक्टर मीच नेला. शाळावाले नको म्हणायचे. एक हेडमास्तर तर हात जोडून म्हणाले, "बेन, छोकराओ तो भूली गया हशे. रेवा दो ने."

"हुं नथी भूली," बाई म्हणाल्या, आणि वर्गात जाऊन पाऊण तास आपली चूक शिकवली. पहिल्या खेपेला मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. या खेपेला त्यांनी प्रश्न विचारले. सुईबद्दल कोणी विचारलं की बाई म्हणायच्या, "सुई आमच्या प्रयोगशाळेत झाली." मी मागे प्रोजेक्टरजवळ उभा असायचो. कोणी माझ्याकडे बघत नसे आणि मला ते सोसत नसे.

संचालकपद दुसऱ्या कोणाला मिळालं. मी मात्र पुढच्या वर्षी कायम झालो. बाईंनी जुनं पत्र मागे घेऊन नवं दिलं होतं, ते कारकुनाने मला दाखवलं. त्यात एकच ओळ होती: "मोरे यांनी सुई आणून दिली."

निवृत्तीनंतर मी अधूनमधून फतेगंजला जायचो. एकदा धीर करून विचारलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"चहा हलत होता, एवढं दिसलं," बाई म्हणाल्या. "का हलत होता ते माहीत नव्हतं. मालगाडीही असू शकते." मग म्हणाल्या, "ती नंतर आली."

बाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. शोकसभेला हॉल भरला होता. पहिले वक्ते म्हणाले, अणू जोडीने राहतात हा बाईंचा थोर शोध बडोदे कधीच विसरणार नाही. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. मोबाइलवर सगळ्यांना तोच मजकूर आला असावा.

मी उठलो. शेजारच्याने माझी बाही धरली, "शोकसभेत दुरुस्ती बरी दिसत नाही, मोरेभाई." मी आजवर माइकवर बोललेलो नव्हतो. माइकपाशी जाऊन म्हणालो, "अणू जोडीने राहत नाहीत. तो शोध चुकीचा होता आणि तो बाईंनी स्वतः मागे घेतला. सुईला दोन टोकं होती. ती सुई मी केली होती. बाईंनी हे चौदा ठिकाणी सांगितलं, पण माझं नाव एकदाही घेतलं नाही. ही पंधरावी जागा." मग काय करायचं ते न कळून नमस्कार केला आणि खाली आलो.

शैलाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पाय हलतोय तुमचा," ती हळूच म्हणाली.

"हलू दे," मी म्हणालो. "बाई कुठे बघतायत आता."

हे म्हणालो आणि मग मात्र मला रडू आवरेना.