जबिरूच्या गळ्यातला लाल पट्टा

आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींचे किस्से म्हणजे माझ्या हँडबॅगेतली जुनी बसची तिकिटं. टाकीन टाकीन म्हणते आणि साठतच जातात. मंडळी म्हणजे चारच. लंडनमधल्या हॅरोचे आम्ही दोघं, जवळच्याच मेडनहेडचे बापट आणि त्यांची बायको कमल. आमचे हे डॉक्टर, आणि पक्ष्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. बापट प्रत्येक पक्ष्यावरून भांडायचे आणि शेवटी यांनी सांगितलेलंच वहीत लिहायचे.

यांची नजर हळूहळू जात चालली होती. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचंही धुरकट. "कुणाला बोललीस तर बघ," मला म्हणाले. "कळलं की घरी बसवतील मला."

*

मी चौथी पास. पण यांच्या पुस्तकातली चित्रं बघून नावं पाठ केली सगळी. बाहेर पडलो की यांच्या मागे उभी राहायची. पक्षी उजवीकडे असला की उजव्या खांद्यावर बोट, वर असला की मानेजवळ. नाव हळूच कानात. एकदा कमलनं विचारलं, "काय गं, सारखी नवऱ्याला चिकटलेली असतेस?"

मी म्हटलं, "तुझा चिकटण्यासारखा नाही, त्याला मी काय करू?"

ती हसली. माझं बोट यांच्या खांद्यावरच होतं.

*

एका रविवारी मेडनहेडच्या तळ्यावर मी फ्लास्कमधला चहा ओतत होते, तेवढ्यात हे हात करून म्हणाले, "पांढरा छोटा बगळा!" तेव्हा इंग्लंडात तो दिसणं म्हणजे केवढी गोष्ट. बघते तर झुडपाला अडकलेली सुपरमार्केटची पिशवी.

बापटांनी दुर्बीण डोळ्याला लावली. मी अशी शिंकले की तळ्यावरची बदकंसुद्धा उडाली!

"गेला की हो," मी म्हटलं.

बापट माझ्याकडे बघतच राहिले. मग न भांडता वही काढली आणि लिहिलं, 'बगळा, एक.'

*

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास हे हट्टालाच पेटले. मध्य अमेरिकेतल्या बेलीझला जायचं, जबिरू बघायचा. जबिरू म्हणजे माणसाएवढा पांढरा करकोचा. डोकं, मान काळी, गळ्याला लाल पट्टा. डोळ्यांच्या स्पेशालिस्टनं म्हटलं होतं, फार तर वर्षभर दिसेल. विमानात यांनी माझा हात दाबला. "एवढा मोठा पक्षी तरी दिसेल ना गं मला?"

तिथं पहिल्याच पहाटे जंगलातून अशी डरकाळी आली की बापट नुसत्या मोज्यांवर कॉटवर उभे! वाघ नव्हता, माकडं ओरडत होती. मला राहवेना. मी त्यांच्या खिडकीखाली जाऊन आणखी एक डरकाळी दिली. आतून रामरक्षा सुरू झाली.

हसत हसत आमच्या खोलीत परतले तर हे नाहीत. नदीवरच्या लाकडी फळ्यांवर एकटेच चालले होते. बाजूला कठडा नाही, खाली मगरी. मी धावत जाऊन मागून यांचा कमरेचा पट्टा धरला.

कमल दारातून म्हणाली, "या वयात हनिमून?"

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा थट्टा न करता खरं बोलले. मग आठवडाभर मी यांना सोडलं नाही.

*

शेवटच्या दिवशी गाईडनं तळ्यापलीकडे बोट दाखवलं. जबिरू! बापटांनी आपली स्टँडवरची मोठी दुर्बीण घाईघाईनं रोवली. "डॉक्टर, आधी तुम्ही."

मी यांच्या खांद्यावर बोट ठेवलं. यांनी ते काढून टाकलं. "आज तू सांगायचं नाहीस."

वाकले. डोळा लावला. मग चेहरा असा उजळला! "दिसला. काय पट्टा आहे हो बापट, लालभडक."

आणि मी बघितलं. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवरचं झाकण तसंच होतं.

कमलनंही ते बघितलं. गाईडनं बोलायला तोंड उघडलं, तशी तिनं त्याचं मनगट गच्च धरलं.

बापट पुढे झाले. झाकणाला हात लावला नाही. वाकले, एक डोळा मिटला, दुसरा दुर्बिणीला लावला आणि शांतपणे बघत राहिले.

"अगदी लालभडक," ते म्हणाले. "कमल, ये, तूपण बघ."