जाळीतलं तांबं

पगारे मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला दाराबाहेर चपला काढायला लावल्या. "देवळात नाही चाललोय आपण, सूक्ष्मदर्शकापाशी चाललोय. धूळ देवाला चालते, ह्याला नाही." देवळ्याहून एम.एस्सी.चा पहिला वर्ग घेऊन आलेला मी जरा फुगलेलाच होतो. हवा तिथेच निघाली. पुढची पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली संशोधन केलं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धातूंचं अंतरंग वाचण्यात मॅडमनी उभी हयात घालवली. आमचं यंत्र जुनं आणि नाठाळ, पण इंदिरानगरातून स्कूटरवर येऊन त्या आधी त्याची विचारपूस करत, मग आमची. एकदा माझे वडील, आमचे दादा, कांदा विकून थेट विभागात आले. मॅडमनी कांद्याचं वाळलेलं साल यंत्रात ठेवून त्यांना पडद्यावर दाखवलं. वाफ्यांसारख्या पेशींच्या रांगा बघून दादा आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाई तं आमनं वावर शे, बाई." मॅडम डोळे पुसेपर्यंत हसल्या. दादा गावात अजून ही गोष्ट सांगतात.

आता पुढचं मॅडमच्या साठीनिमित्तच्या या गौरव अंकाच्या संपादकांनी छाटू नये, ही विनंती.

नमुना तांब्याच्या बारीक जाळीवर ठेवून तपासतात. त्यामुळे नमुन्यात नसलेलं तांबंही कधी यंत्र दाखवतं, म्हणून निकेलच्या जाळीवर पुन्हा बघायचं, ही मॅडमची शिस्त. माझ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत असंच तांबं 'सापडलं'.

"निकेलवर बघितलंस?" मॅडमनी विचारलं.

मी कंटाळा केला होता. "हो मॅडम," म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला आणि आम्हा दोघांच्या नावाने शोधनिबंध छापून आला.

वर्षभराने माझ्यामागून आलेल्या विद्यार्थिनीने निकेलवर तपासलं. तांबं गायब! मला नुकतीच कॉलेजात नोकरी लागली होती, कायम व्हायचं बाकी होतं. तरी जाऊन मॅडमपुढे कबूल केलं. त्या म्हणाल्या, "खोटं बोललास, याचं फार वाईट वाटलं. निबंध आजच मागे घेऊ. सही माझी आहे, बघायला मी हवं होतं."

नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सगळी चूक स्वतःवर घेतली. त्या वर्षी विभागप्रमुखपद त्यांच्या हातचं गेलं. 'तांबंवाल्या मॅडम' ही चेष्टा पुढे कित्येक वर्षं चालली, आणि मी ती करणाऱ्यांच्याच घोळक्यात बसून चहा पीत राहिलो. याची मला लाज वाटते.

मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी हे लिहू दिलं नसतं, म्हणून विचारलं नाही. साठीनंतर त्यांचे गुडघे कुरकुर न करोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत आणि आमच्या चुका काढायला त्या आम्हाला शंभरीपर्यंत लाभोत.

त्या निबंधावरून इथून पुढे कुणाला हसायचं असेल, तर माझ्याकडे बघून हसावं. मी त्याच कॉलेजात आहे. कायम झालो.