तेरावी कळी

मी मूळचा भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कमरेला तलवार लावून उभा दिसलो तर कुणाचा गैरसमज व्हायला नको. तलवार लाकडी होती, तिच्यावरचा चंदेरी कागद मीच चिकटवला होता, आणि गल्लीतलं कुत्रं नुसतं उठून बसलं तरी मी रस्त्याची बाजू बदलत असे. अजूनही बदलतो.

जुने पोशाख शिवायचं वेड मला साताऱ्यात लागलं. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या गल्लीच्या मिरवणुकीत मला मावळा केलं होतं. भाड्याच्या पेटीतून जो अंगरखा वाट्याला आला, त्याला पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन होती. अर्ध्या वाटेत ती उघडली आणि मी उरलेली मिरवणूक भिंतीकडं पाठ करत, खेकड्यासारखं आडवं चालत पुरी केली. त्या दिवशी ठरवलं, यापुढं आपला मावळा आपण शिवायचा.

बायकोचं पायमशीन होतंच. पहिल्या अंगरख्याच्या गळ्यातून माझं डोकं गेलं नाही. दुसऱ्यातून गेलं, पण परत निघेना. तिसरा बरा झाला. पुढं कचेरीनं माझी बदली सांगलीला केली, तोवर माझ्याकडं एक सरदार, दोन मावळे आणि एक अर्धवट कारभारी एवढा संसार जमला होता. रविवारी सकाळी मी सरदार होऊन घरात वावरायचो. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस एकदा मला बघून टाकी दारातच ठेवून गेला. पैसे मागायलाही थांबला नाही. कोण कुणाला जास्त घाबरलं, ते अजून ठरलेलं नाही.

माझ्या सगळ्या सरदारांत एकच खोट होती. त्यांना हात वर करता येत नसे. घोषणा द्यायला हात उचलला की काख टर्रकन फाटायची. पुस्तकातली चित्रं बघून शिवलं की असंच होतं. चित्रातला सरदार एक हात कमरेवर आणि एक तलवारीवर ठेवून उभा असतो. काख दाखवायची त्याला गरजच पडत नाही.

कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर आटपाडीच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यानं माझी फाटलेली काख बघितली आणि म्हणाला, आमचे आबा ढोलावर गजी नाचतात, त्यांचा झगा बघा एकदा. पन्नास वर्षं नाचतायत, एक टाका उसवलेला नाही. पुढच्या फेरीत जीप तिकडं गेली तेव्हा मीही गेलो.

आबा म्हणजे ड्रायव्हरचे वडील, सत्तरीच्या पुढचे, हरभऱ्याच्या काडीसारखे वाळलेले. त्यांनी ट्रंकेतून पांढरा पायघोळ झगा काढला. वरून अंगरखा, कमरेपासून खाली घेर, आणि तो घेर लांब तिकोनी पट्ट्या एकमेकींना जोडून केलेला. शिंपी त्या पट्ट्यांना कळ्या म्हणतात. सगळं काम हातशिलाईचं. काखेत चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला होता. तो चौबगला बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माप घ्यायला आठ दिवस नेऊ का, असं मी विचारलं. आबांनी झग्याची घडी घातली.

“न्या,” ते म्हणाले. “पर भाऊसाहेब, त्येला सुई लावू नगा. जत्रंला घालायचा हाय. औंदाचं शेवटचं नाचणं. पाय आता ऐकत न्हाईत.”

मी देवाशप्पथ म्हणालो. ती शपथ मला अजून आठवतेय.

आता माझी कामाची रीत सांगायला पाहिजे, कारण सगळं पाप तिथंच आहे. मी जुना कपडा उसवून शिकतो. शिलाई काढायची, तुकडा वर्तमानपत्रावर ठेवायचा, पेन्सिलीनं कड आखायची आणि परत जोडायचं. मनाशी म्हटलं, काखेतले चार टाके काढू, आबांना काय कळतंय. आणि सुई लावू नका म्हणालेत. ब्लेड लावू नका असं म्हणालेलं नाहीत. भित्र्या माणसाला पळवाटा फार लवकर दिसतात.

चार टाके काढले. पण तो दोरा काखेत सुरू होऊन काखेत संपत नव्हता. बगलेतून निघून तो कमरेत आणि कमरेतून घेरात उतरला होता. मी टोक धरून जरा ओढलं आणि मऊ झालेल्या जुन्या कापडातून तो सरसर येतच राहिला. थांबलो तेव्हा उजवी बाजू उकललेली होती. शहाण्या माणसानं तिथंच हात जोडले असते. मी म्हटलं, एवढं उघडलंच आहे तर पूर्ण बघून घेऊ.

उजवीकडच्या सहा कळ्या मी नीट आखल्या, एकेकीवर आकडा घालून. डावीकडं आलो तेव्हा कंटाळा आला होता. मी जे काही शिकलो होतो त्यात एकच नियम कायम असायचा : अर्धा बेता, घडी घाला, दुसरा अर्धा तसाच. म्हणून डावी बाजू आखलीच नाही. उसवून सगळ्या कळ्यांची एकावर एक चळत केली आणि जेवायला गेलो.

परत शिवायला पाच दिवस लागले. मशीन लावलं नाही. दुहेरी दोरा घेऊन हातानंच शिवलं, टाके जुन्या भोकांतून घातले. उजवीकडं सहा, डावीकडं सहा. डावी कमर जरा ढिली राहिली, तिथं दोन चुण्या घालून बसवली. इस्त्री केली, खुंटीला टांगला. हुबेहूब. मी बायकोला हाक मारली. ती आली, झग्याकडं बघितलं, मग खाली वाकून मशीनच्या पायाशी पडलेलं काहीतरी उचललं.

“अहो,” ती म्हणाली, “ही कुठली?”

तिच्या हातात एक कळी होती.

घड्याळ दुरुस्त केल्यावर एक चाक उरावं, तसं ते. मी हसायचा प्रयत्न केला. मग झगा मोजला, तीन वेळा मोजला. बारा. हातातली तेरावी. कळी कुठली ते कळेना, आणि परत सगळं उसवावं तर कापड मऊ झालेलं, भोकं रुंदावलेली. आणखी एकदा ब्लेड लावलं तर हातात नुसता चिवडा येईल, एवढं मला कळत होतं. बायकोनं सरळ सांगितलं, जाऊन कबूल करा. मी म्हटलं, करतो. आणि दुसऱ्या दिवशी झगा कागदात बांधून ड्रायव्हरच्या हाती गुपचूप पाठवून दिला. कळी माझ्याकडंच राहिली. कपाटात ठेवली, मग गादीखाली, मग परत कपाटात.

त्यानंतरचे आठ दिवस मी जीपचा आवाज आला की रजिस्टरात डोकं खुपसायचो. ड्रायव्हर काहीच बोलायचा नाही, आणि ते जास्त भीतीदायक होतं. शेवटी जत्रेच्या आदल्या दिवशी तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, आबांनी बोलावलंय तुमाला. म्हणले, सरदाराचा ड्रेस घालून या.”

मी विचारलं, काही म्हणाले का झग्याबद्दल. तो म्हणाला, न्हाई, झगा बघितला, घडी घातली, ठेवला. एवढंच.

कळलंय, मी मनात म्हटलं. आता सगळ्या गावासमोर, आणि तेही पोशाखात.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये डोक्यावरचा मंदिल काढून मांडीवर ठेवला होता. कमरेच्या शेल्यात तलवार होती आणि तिच्यामागं घडी केलेली कळी. चहाला थांबलो तेव्हा लोक बघायला जमले. एकानं विचारलं, कुठल्या नाटकाची पार्टी म्हणायची. एरवी मी फुशारलो असतो. त्या दिवशी चहाची बशी दातांवर वाजत होती.

माळावर बिरोबाच्या देवळापुढं ढोल आणि मोठ्या झांजांसारखे कैताळ लागले होते, भंडाऱ्यानं सगळी माणसं पिवळी. नाचणारे पंचवीसेक गडी झगे घालून उभे. आबा सगळ्यांच्या पुढं. मला बघून त्यांनी हात केला, आणि मी पुढं जाऊन पाया पडलो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कौतुक होतं. मला कौतुकानं बोलावलं होतं. झग्यातलं त्यांना काहीच कळलं नव्हतं.

मग आबांनी अंग मोकळं करायला एक गिरकी घेतली. डावीकडची गिरकी. झग्याचा घेर उजवीकडं उघडला, डावीकडं उघडलाच नाही. तो त्यांच्या पिंढरीला गुंडाळला, आणि सत्तरीचा माणूस एका पायावर डगमगला. पडले नाहीत. लेकानं धरलं. ते खाली वाकून झग्याकडं बघत राहिले.

“डावीकडं पाय अडतुया,” ते हळूच म्हणाले. “माझंच पाय ग्येलं म्हनायचं.”

तोवर मला भीती वाटत होती ती माझ्या अब्रूची. त्या क्षणी ती कुठल्याकुठं गेली आणि दुसरीच उभी राहिली. खाली माळाची कडक जमीन, दगडगोटे. ढोलकरी जोरात आला की गिरक्या वाढणार, आणि हा माणूस शेवटच्या नाचात तोंडावर पडणार. पडला नाही, तर पाय गेले असं समजून गप्प बाजूला बसणार. यातलं जास्त वाईट कुठलं ते मला ठरवता येईना. मी पुढं झालो.

“आबा, मी सुई लावली.”

त्यांनी मान वर केली. “कुठं?”

“सगळीकडं.”

आणि शेल्यातून कळी काढून पुढं धरली. जवळचे चारदोन गडी गप्प झाले, मग त्यांच्यामागचे. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलंच नाही, ते सगळ्यांत लागलं. आबांनी कळी हातात घेतली, अंगठ्यानं तिची कड चाचपली. मग झगा अंगातून काढला, माझ्या हातात दिला, आणि देवळाच्या कट्ट्याकडं बोट केलं.

“शिवा. आमी थांबतो.”

ढोल थांबले. अख्खी जत्रा थांबली, आणि मंदिल घातलेला सरदार कट्ट्याखाली मांडी घालायला गेला. बसताना कट्टा धरायला हात वर केला तर माझी स्वतःची उजवी काख टर्रकन फाटली. ती शांतता अशी होती की ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी मागून म्हणालं, गड्या, सरदार पडलं.

देवळातून कुणी सुईदोरा आणून दिला, पण सुईत दोरा जाईना. मी चार वेळा बोट टोचून घेतलं. तेव्हा एक म्हातारी येऊन समोर बसली. ड्रायव्हरची आई. तिनं सुई माझ्या हातून घेऊन दोरा ओवला, परत दिली, आणि झगा उलटा करून डाव्या कमरेवर बोट ठेवलं. माझ्या चुण्या तिनं नखानं उकलल्या.

“हितं. डावीकडं सात असत्यात लेकरा. गिरकी कुठल्या अंगाला घेत्यात?”

मी म्हटलं, डाव्या.

“मग कापड कुठल्या अंगाला जास्ती पायजे?”

मी कळी डाव्या कमरेशी धरली. तो झगा तिनं आणि तिच्या सासूनं मिळून शिवला होता, हे मला तेव्हा कळलं. माझा अर्धा बेता आणि घडी घाला हा नियम उभ्या राहणाऱ्या माणसासाठी होता. चित्रातल्या. हा झगा फिरणाऱ्या माणसाचा होता.

मी टाका घालायचो, ती बघायची. लांब पडला की काढायची. दोन वेळा म्हणाली, थरथरू नगंस, कापडाला कळतं. घाम डोळ्यांत जात होता आणि मंदिल काढायची हिंमत नव्हती. कळी बसली. तिनं दातानं दोरा तोडला आणि झगा नवऱ्याकडं फेकला.

ढोल लागले. मी बघितलं नाही. कट्ट्याकडं तोंड करून उभा राहिलो आणि कापड फाटल्याचा आवाज येतो का, तेवढंच ऐकत राहिलो. कैताळाच्या गोंगाटात कापड फाटलेलं ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी ऐकत होतो. मग ड्रायव्हरनं माझा खांदा धरून मला वळवलं. आबा फिरत होते. घेर डाव्या अंगाला छत्रीसारखा उभा होता, आणि पाय त्याच्याखालून मोकळे निघत होते.

पुढच्या वर्षी जत्रेच्या महिनाभर आधी ड्रायव्हरनं माझ्या टेबलावर एक गाठोडं ठेवलं. शेवटचं नाचणं शेवटचं ठरलं नव्हतं. म्हणाला, काखेत जरा विरलंय, आईला आता दिसत न्हाई. आबा म्हणले, भाऊसाहेबास्नी ठाव हाय कसं हाय ते.

ते गाठोडं मी घरी नेलं, मशीनवर ठेवलं. गाठ सोडायला मला चार दिवस लागले. सोडल्यावर आधी कळ्या मोजल्या.