आईच्या मुठीचं मॉडेल

काम अडलं की मला एका जागी बसवत नाही. घरभर येरझाऱ्या घालते. गेल्या हिवाळ्यात तर त्या येरझाऱ्या जळगाव-धुळे रस्त्यावर चालल्या होत्या, आणि कारण होतं आईची मूठ.

चिकुनगुन्या झाला तेव्हापासून आईचा उजवा हात धड मिटत नाही. आमच्याकडे थंडीत मळ्यात भरिताची पंगत बसते. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत मुसळीने ठेचायची. ठेचणं आईचं, त्यात दुसऱ्या कोणी हात घातलेला तिला खपत नसे. आदल्या वर्षी वहिनीने ठेचलं. आई सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि जेवली नाही. तिच्या मुठीत बसेल अशी मुसळीची पकड करायची, हे मी तिथेच ठरवलं.

जळगावात मी पाइपांचे जोड डिझाइन करते. तिथे सगळं मापांवर चालतं: एक व्यास बदलला की बाकीची मापं मुकाट त्याच्यामागे येतात. याला पॅरामेट्रिक मॉडेल म्हणतात. सवयीने तेच धरलं. आईची बोटं व्हर्निअरने मोजली, चार बोटांना चार सारख्या खाचा काढल्या आणि थ्रीडी प्रिंट घेऊन धुळ्याला गेले. आईने पकड हातात घेतली, "चांगलं शे," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. माझं डोकंच फिरलं. तिचं "चांगलं शे" मला कळतं. नावडत्या साडीलाही ती हेच म्हणते.

परत येऊन मापं बदलत बसले. एक खाच जरा सरकवावी, तर तिच्यावर टेकलेलं सगळं मॉडेल कोसळून स्क्रीन लाल. नवऱ्याने जेवायचं विचारलं, तर त्याच्यावर खेकसले. खरं म्हणजे मी घाबरले होते. याही थंडीत आई पाठ करून बसली, तर पुढे ती मळ्यात यायचीच नाही.

शेवटी मापं सोडली. दुसरा रस्ता होता: असेल तो आकार स्कॅन करायचा आणि थेट त्याच्यावरच काम करायचं. त्यात नंतर आकडा बदलून सुधारणा होत नाही. चुकलं तर पहिल्यापासून. ऑफिसातला स्कॅनर मागून घेतला आणि एरंडोलला चहालाही न थांबता घर गाठलं. मुसळीला कणकेचा गोळा थापला आणि आईला म्हटलं, "धर." हाताला कणीक लागली मात्र, आई मळायलाच लागली. "मळू नको गं, नुसतं धर!" पुन्हा तेच. मग मी ओरडले, तशी तीही भडकली. "ले तुनं पीठ!" म्हणत तिने गोळा जीव खाऊन आवळला.

ठसा स्क्रीनवर उघडला. तळवा आणि अंगठा खोल उमटले होते, पहिली दोन बोटंही. शेवटच्या दोन बोटांच्या जागी कणीक जशीच्या तशी होती. एवढ्या रागातही त्या बोटांत जोर आला नव्हता. मी मोजत होते तेव्हा आईने डाव्या हाताने ती बोटं हळूच मिटून धरली होती, ते मला आत्ता आठवलं. रडू आलं, आणि रागही आला.

ठसा सारखा करून द्यायला सॉफ्टवेअर तयारच होतं. मी करू दिला नाही. दोन बोटांना खाचा ठेवल्या, उरलेल्या दोन बोटांना नुसतं टेकायला रुंद कड दिली आणि पकड हातातून सुटू नये म्हणून मागून पट्टा लावला.

मळ्यात वांगी सोलून झाली. आईने पकड हातात घेतली. डाव्या हाताचा अंगठा त्या कडेवरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले समजनं तर."

"हो."

"तुनी वहिनीले सांगू नको."

तिने पट्टा चढवला, बडगी पुढ्यात ओढली आणि चुलीकडे तोंड करून मिरच्या मागवत जोरात ओरडली, "मिरच्या लई या वं!" मुसळीचा पहिला घाव पडला, तशी मी तिच्याशेजारी मांडी घालून बसले.